दरवर्षी त्याच दिवसांत शिंका आणि डोळ्यांना खाज: परागकणांची ॲलर्जी कशी ओळखावी, डॉक्टरांकडे केव्हा जावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे वय ३४, शाळेत शिकवते. राहायला जुळे सोलापुरात, शेत मोहोळजवळ. तीन वर्षांपासून गणपती उठले की शिंका सुरू होतात, त्या दिवाळीपर्यंत चालतात. मग थोडे बरे, आणि ज्वारीच्या काढणी-मळणीला पुन्हा तेच. डोळे चोळून चोळून लाल होतात. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणते, पण तिने वर्गात झोप येते. रात्री नाक चोंदते म्हणून थेंब घालते. यंदा रात्रीचा खोकलाही लागला आहे. मुलगा ९ वर्षांचा, तोही सारखा नाक चोळतो. ही धूळ आहे की परागकण? तज्ज्ञाला दाखवावे, की हे असेच चालायचे?"

ताई, तुमच्या प्रश्नातच अर्धे निदान आहे. "गणपती उठले की" आणि "ज्वारीच्या मळणीला" ही दोन वाक्ये मला कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त सांगतात. परागकणांची ॲलर्जी वेळापत्रकाने चालते. ज्या वनस्पतीचे तुमच्या नाकाला वावडे आहे ती फुलली की त्रास सुरू, ती वाळली की बंद. म्हणून माझे पहिले सांगणे असते की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्रासाच्या दिवशी खूण करा. शिंका, डोळे, चोंदलेले नाक, खोकला, यांतले जे असेल ते एका अक्षरात लिहा. त्रास या ठरलेल्या रितीने चालला असेल तर त्यावर साध्या औषधांनी ताबा मिळतो. ही रीत मोडली, म्हणजे नवे लक्षण आले, एकच बाजू धरली, हंगाम संपूनही त्रास उरला, तर मात्र डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. तुमच्या बाबतीत रात्रीच्या खोकल्याने ती मोडली आहे. त्याकडे येतोच.

आधी आपल्या जिल्ह्याचे वेळापत्रक. सोलापुरात पाऊस कमी, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. त्यामुळे इतर ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये दिसणारी हिरवळ आपल्याकडे गणपतीच्या आगेमागे भराला येते. बांधावरचे गवत तुरे काढते. काटेमाठ, एरंड, गाजर गवत, मोकळ्या प्लॉटवर जे काही उगवते ते सगळे एकदम फुलोऱ्यात येते. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत बांधकाम न झालेले प्लॉट भरपूर आहेत आणि पावसानंतर त्यांत गाजर गवत कमरेइतके वाढते. दिवाळीनंतर ते वाळते. तुमचा पहिला हंगाम हा असावा.

दुसरा हंगाम जरा गुंतागुंतीचा आहे. रब्बी ज्वारी साधारण डिसेंबरात फुलोऱ्यात येते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. ज्वारी हेही गवताच्याच कुळातले पीक, त्यामुळे गवताच्या परागांना बिचकणाऱ्या नाकाला फुलोऱ्यातली ज्वारीही त्रास देऊ शकते. पण तुमचा त्रास मळणीला वाढतो. तेव्हा पराग कमी आणि कणसांचा भुसा, माती, कडब्यावरच्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू जास्त उडतात. कडबा कुट्टी यंत्राजवळ उभे राहिले की ज्यांच्या नाकाचा नळ सुटतो त्यांच्यात बरेचदा ही बुरशी कारण असते. म्हणजे "धूळ की परागकण" याचे उत्तर तुमच्यापुरते "पावसाळ्याअखेर पराग, मळणीला बहुधा भुसा आणि बुरशी" असे आहे.

लोक रंगीत, वासाच्या फुलांना दोष देतात, अंगणातला मोगरा काढून टाकतात. मोगरा, गुलाब, जास्वंद यांचे पराग जड आणि चिकट असतात, ते किड्यांच्या अंगाला चिकटून जातात, हवेत फारसे उडत नाहीत. त्रास देतात त्या बिनदिखाऊ, वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या वनस्पती. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने १८७३ मध्ये स्वतःच्या नाकावर प्रयोग करून गवताचे परागच हा त्रास आणतात असे दाखवून दिले होते. गाजर गवताची गोष्ट थोडी निराळी. त्याचे पराग श्वासातून त्रास देतातच, शिवाय त्याच्या वाळलेल्या कणांनी कातडीही पेटते. शेतकऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या खळगीत येणारी खाजरी, जाड, काळपट त्वचा अनेकदा यानेच होते. ती दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

शरीरात घडते ते असे. काही जणांची प्रतिकारशक्ती निरुपद्रवी परागकणाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्ये तयार करते. शेताच्या राखणदाराने पाखरे सोडून घरच्याच माणसावर गोफण चालवावी तसा हा प्रकार आहे. पुढच्या वेळी तोच पराग नाकात गेला की तिथल्या मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात आणि शिंकांची माळ, खाज, पाण्यासारखी धार सुरू होते. इथे गोष्ट संपत नाही. ४ ते ८ तासांनी दुसरी लाट येते, तिच्यात नाकाचे अस्तर सुजते. सकाळी शेतात जाऊन आलेल्याचे नाक रात्री बंद होते ते यामुळे. सर्दीची गोळी पहिल्या लाटेवर चांगली चालते, दुसरीवर फारशी नाही. म्हणून तुम्हाला गोळी घेऊनही रात्री थेंबांची गरज पडते.

साध्या सर्दीपासून हे वेगळे कसे ओळखायचे? विषाणूची सर्दी आठवडा-दहा दिवसांत उतरते, घसा दुखतो, अंग मोडून येते, कधी ताप असतो, स्राव पुढे घट्ट होतो. ॲलर्जीत ताप येत नाही. खाज हे तिचे मुख्य चिन्ह: नाकात, डोळ्यांत, टाळूला, कानात आतून. स्राव आठवडेच्या आठवडे पाण्यासारखाच राहतो. वर्षभर, त्यातही पहाटे उठल्या उठल्या शिंका येत असतील आणि पावसाळी दमट दिवसांत त्या वाढत असतील, तर गादी-उशीतल्या धूळकिड्यांचा संशय घ्यावा. कोरड्या उन्हाळ्यात हे किडे कमी व्हायला हवेत, पण आपण घरोघर कूलर लावून खोलीत दमटपणा आणतो, आणि कूलरची गवताची जाळी मागच्या वर्षीचीच असेल तर बुरशीही. मार्चमध्ये कूलर बाहेर काढताना जाळी बदला, टाकी घासून धुवा आणि पहिला अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवून, खोलीत कोणी नसताना चालवा.

आता खोकला. नाक आणि फुप्फुसे ही एकच श्वसनवाट आहे. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाची ॲलर्जी असते, आणि नाकाची ॲलर्जी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कधी ना कधी दमा निघतो. रात्रीचा किंवा पहाटेचा कोरडा खोकला, जिना चढताना छाती आवळल्यासारखी वाटणे, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, हसल्यावर किंवा पळाल्यावर येणारी ढास: यातले एकही असेल तर नुसते नाक बघून भागणार नाही. खोकला नाकातून घशात मागे उतरणाऱ्या स्रावानेही येतो हे खरे, पण तो निष्कर्ष छाती तपासल्यानंतर काढायचा. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोराने फुंकायची चाचणी असते. फुंकून झाल्यावर श्वासनलिका सैल करणारे औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात आणि फरक पाहतात. ही चाचणी करून घ्या. दमा निघाला तर पंप घ्यावा लागेल, आणि त्याची भीती बाळगू नका. "पंपाची सवय लागते" हा समज आपल्याकडे फार खोल आहे आणि त्याने माणसांचे नुकसान होते. पंपातून औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनलिकेत जाते.

हे मी इतके लावून धरतो त्याला कारण आहे. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्नवर वादळी पाऊस झाला. दमट वाऱ्यात गवताचे परागकण फुटून त्यांचे बारीक तुकडे हवेत पसरले. अख्खे परागकण नाकातच अडकतात, हे तुकडे मात्र थेट फुप्फुसांपर्यंत पोहोचले. हजारो लोक दवाखान्यांत धावले आणि १० जण दगावले. धाप लागलेल्यांत असे पुष्कळ होते ज्यांना तोवर नुसत्या नाकाचाच त्रास होता, दमा आहे हे माहीतच नव्हते. त्रासाच्या हंगामात विजांसह वादळ चढून येत असेल तर दारे-खिडक्या लावून घरात थांबा.

मग औषधे. आधी नाकातले थेंब बंद करा. ऑक्सिमेटाझोलीन, झायलोमेटाझोलीन हे थेंब मिनिटांत नाक मोकळे करतात, म्हणून आवडतात. सलग ३ ते ५ दिवसांपेक्षा जास्त घातले की औषध उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा जास्त सुजते, मग पुन्हा थेंब, आणि ॲलर्जीचा हंगाम संपला तरी नाक बंदच राहते. असे थेंब वर्षानुवर्षे उशाशी ठेवणारे रुग्ण मी नेहमी पाहतो. सोडताना आठवडाभर नाक जास्त चोंदेल. त्या काळात खाली सांगितलेला स्प्रे सुरू ठेवा, म्हणजे निभावते. आधी एक नाकपुडी सोडवून मग दुसरी, असेही करता येते.

तुमच्या गोळीच्या पाकिटामागे क्लोरफेनिरामाइन लिहिलेले असण्याची दाट शक्यता आहे. ती जुन्या पिढीची गोळी, झोप आणते. दुचाकी चालवणाऱ्याने किंवा यंत्रमागावर उभे राहणाऱ्याने ती घेऊ नये. अशा पाकिटात बरेचदा फेनिलेफ्रिनही असते, रक्तदाब, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी त्यापासून लांब राहावे. त्याऐवजी नव्या पिढीची एकच घटक असलेली गोळी डॉक्टरांना विचारून घ्या: फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, किंवा रात्री सेटिरिझिन. सेटिरिझिननेही काहींना गुंगी येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, साध्या पाण्याबरोबर घ्या.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. लेव्होसेटिरिझिन आणि माँटेलुकास्ट यांची जोडगोळी आपल्याकडे सर्दीला सर्रास दिली जाते, मुलांना तर सिरपमधून. माँटेलुकास्टने काही जणांत झोपेत दचकणे, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार दिसले आहेत, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीत इतर उपाय चालत असतील तर माँटेलुकास्ट देऊ नये असेही त्यांनी सांगितले. घरात कोणी ती घेत असेल आणि स्वभावात बदल जाणवला, तर लगेच डॉक्टरांशी बोला.

खरे काम करतो तो स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे: फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांपैकी. नाव ऐकून घाबरू नका. तो नाकाच्या अस्तरावरच काम करतो, रक्तात अत्यल्प उतरतो. दोन्ही लाटांवर तो चालतो आणि डोळ्यांची खाजही कमी करतो. पण तो रोज घ्यावा लागतो, आणि पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. "चार दिवस मारला, काही फरक नाही" म्हणून सोडणारेच जास्त. घेण्याची पद्धतही चुकते. मान वर करून मारला की औषध घशात उतरते. डोके किंचित खाली झुकवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखून मारा. जोरात ओढू नका, हलका श्वास पुरे. पडद्यावर मारत राहिले तर घोळणा फुटतो.

स्प्रेच्या आधी मिठाच्या पाण्याने नाक धुतले तर उत्तम. अर्धा लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ. पाणी उकळून गार केलेलेच हवे. नळाचे, बोअरचे किंवा टाकीचे कच्चे पाणी नाकात घालू नका, त्यातून मेंदूपर्यंत जाणारा दुर्मीळ पण जीवघेणा जंतुसंसर्ग होऊ शकतो. नाकपुडीच्या कडेला आतून बोटाने तूप किंवा व्हॅसलिन लावायला हरकत नाही, थोडे पराग तिथेच चिकटतात. लहान मुलांच्या नाकात मात्र तेल-तूप ओतू नका. ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनियासारखा आजार होतो.

दोन गोष्टी टाळाच. एक, "हंगामाचे एकच इंजेक्शन". शरीरात आठवडेच्या आठवडे राहणारे स्टिरॉइड टोचले की नाक खरोखर सुटते, पण साखर वाढते, हाडे झिजतात, शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड दबते. मधुमेह घरोघर असताना हा सौदा अजिबात करू नये. दुसरी, मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे डोळ्यांचे थेंब. ते लाली लगेच घालवतात, पण डोळ्याचा दाब वाढवून नकळत दृष्टी नेतात. खाजेसाठी ओलोपाटाडिनसारखे थेंब आहेत, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि अँटिबायोटिकचा ॲलर्जीत काहीही उपयोग नाही.

शेतात जाताना मास्क लावाच. बहुतेक परागकण १५ ते ५० मायक्रॉनचे असतात, नाकावर नीट बसणारा साधा मास्कही बरेच अडवतो. मळणीला मात्र एन-९५ हवा, भुशाचे आणि बुरशीचे कण बारीक असतात. घरी आल्यावर आंघोळ, केस धुणे, कपडे बदलणे. त्रासाच्या दिवसांत कपडे गच्चीवर वाळत घालू नका. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा, गाद्यांना कडक ऊन द्या. शेजारच्या प्लॉटवरचे गाजर गवत फुले येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायला लावा, पण ज्याला ॲलर्जी आहे त्याने ते काम स्वतः करू नये.

ज्यांचा त्रास हंगामाशी न जुळता कामाच्या दिवसांशी जुळतो, आणि सुट्टीत किंवा गावाला गेल्यावर जातो, त्यांनी कामाच्या जागेकडे पाहावे. सोलापुरात माग, सूतगिरणी, विडी वळण्याचे घरकाम यांत हे वरचेवर दिसते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळत असेल तर तो कापसाच्या तंतूंचा आजार असू शकतो. डॉक्टरांना आपले काम काय हे आपणहून सांगा.

मुलाकडे वळू. तळहाताने नाक वर घासण्याची सवय, त्यामुळे नाकाच्या शेंड्याच्या वर पडलेली आडवी रेघ, डोळ्यांखाली काळपट सावली, तोंड उघडे ठेवून झोपणे, हे दिसते का बघा. अशा मुलाला "थंड खातो म्हणून" बोलणी बसतात, दही-केळी बंद होतात, आणि त्याने काही फरक पडत नाही. रात्रीची झोप तुटल्याने तो वर्गात पेंगतो, आणि शिक्षक म्हणून तुम्ही अशी मुले रोज पाहत असणार. घोरत असेल किंवा टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर ॲडिनॉइड (नाकाच्या मागे, टाळूच्या वर असलेली गाठ) आणि कानाची तपासणी करून घ्या, कानात पाणी साचते तेव्हा कमी ऐकू येते. २ वर्षांवरील मुलांना यांतले काही स्प्रे देता येतात, डॉक्टर कमीत कमी मात्रा ठरवतात आणि उंचीवर लक्ष ठेवतात.

आता न थांबता दाखवायची लक्षणे. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत शेंगदाणा, मणी असे काही अडकलेले असते. घड्याळातले बटण-सेल असेल तर काही तासांत अस्तर जळते, त्याच दिवशी दाखवा. मोठ्या माणसात एकाच बाजूचे नाक बंद राहणे, एकाच बाजूने रक्त येणे, हे ॲलर्जीचे लक्षण नव्हे. दुर्बिणीने तपासणी हवी, विशेषतः पन्नाशीनंतर किंवा तंबाखूची सवय असल्यास. डोक्याला मार लागल्यावर, किंवा कधी काही कारण नसतानाही, वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्याचे थेंब गळत असतील तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. वास येणे बंद झाले, चेहरा दुखून ताप आला, डोळ्याभोवती सूज आली, दिसणे अंधुक झाले किंवा उजेड सहन होईना, तर वाट पाहू नका. धाप लागून वाक्य पुरे होत नसेल, किंवा औषध, खाणे, मधमाशीचा डंख यांनंतर ओठ-जीभ सुजून श्वास अडत असेल, तर लगेच १०८.

साधा त्रासही स्प्रे नीट पद्धतीने महिनाभर घेऊन आटोक्यात येत नसेल, गरोदरपण असेल, किंवा झोप आणि काम बिघडत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या, हा विभाग आहे. ते गरज वाटल्यास त्वचेवर सुईने टोचून करायची चाचणी सुचवतील. तिच्या आधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाकातला स्प्रे चालतो. शेकडो पदार्थांचे महागडे रक्ताचे पॅनेल करू नका. चाचणीत एखादी गोष्ट पॉझिटिव्ह आली पण तिने प्रत्यक्ष त्रास होत नसेल तर तिला अर्थ नाही, आणि असे अहवाल घेऊन लोक डाळ, दूध, वांगी सोडून बसतात. चाचणी आणि कॅलेंडर जुळले, आणि औषधांनी पुरेसे बरे वाटत नसेल, तर इम्युनोथेरपीचा विचार करता येतो: त्याच परागाची हळूहळू वाढती मात्रा, ३ ते ५ वर्षे. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात, ते टाळू नका. दमा ताब्यात नसताना ती सुरू करत नाहीत.

तुमच्यापुरता क्रम असा. या आठवड्यात खोकल्यासाठी छातीची तपासणी आणि स्पायरोमेट्री. त्याच दिवशी थेंब बंद, स्प्रे सुरू, गोळी बदलून घ्या. जाताना कॅलेंडर आणि आतापर्यंतच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर न्या, मुलालाही न्या. मळणीच्या दोन आठवडे आधी स्प्रे पुन्हा सुरू करायचा, आणि पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास, म्हणजे शिंका सुरू होण्याआधीच.